डार्क मॅटर हे न जुळणाऱ्या हिशेबाला लावलेलं ठिगळ आहे का?

कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे: "अकरावीला गुरुत्वाकर्षण शिकवताना डार्क मॅटरचा विषय निघाला की मुलं हमखास अडवतात. जे दिसत नाही, नव्वद वर्षांत कुणाच्या हाती लागलं नाही, ते आहे कशावरून? सूत्राने उत्तर आलं नाही म्हणून शास्त्रज्ञांनी पदरचं वस्तुमान घातलं, असं का म्हणू नये? मलाही त्यांचं समाधान करता येत नाही."

मुलांची शंका रास्त आहे. ती मलाही आली होती, आणि ती पुस्तक वाचून गेली नाही, मोजमापं करता करता गेली. म्हणून आधी मोजमापाबद्दल सांगते.

गेली वीस-बावीस वर्षं मी बटू दीर्घिकांमधला हायड्रोजन वायू मोजते आहे. त्यातलं बरंचसं काम नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीवर झालं. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. १४ मध्यभागी दाटीने, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर, दूरवर शेताशिवारांत पसरलेल्या. हायड्रोजनचा थंड अणू क्वचित कधीतरी २१ सेंटिमीटर तरंगलांबीची रेडिओलहर सोडतो. क्वचित म्हणजे किती? एकटा सोडला तर सरासरी एक कोटी दहा लाख वर्षांतून एकदा. पण दीर्घिकेत अणू इतके असतात की ही क्षीण कुजबुजही आपल्यापर्यंत पोचते. तिची मूळ वारंवारता १४२०.४ मेगाहर्ट्झ. वायू आपल्याकडे येत असेल तर ती किंचित वाढते, दूर जात असेल तर किंचित घटते. डॉपलर परिणाम तुम्ही शिकवताच. सेकंदाला ५० किलोमीटर वेगासाठी हा फरक पाव मेगाहर्ट्झही भरत नाही, पण तो आम्हाला नीट मोजता येतो. दीर्घिकेच्या केंद्रापासून बाहेर सरकत प्रत्येक अंतरावर वायू किती वेगाने फिरतो याचा आलेख काढायचा, की झाला घूर्णन-आलेख. डार्क मॅटरच्या बाजूचा सगळ्यात साधा पुरावा हाच.

हायड्रोजनच का? कारण तारे जिथे संपतात, तिथे वायू संपत नाही. सप्तर्षीच्या भागात एनजीसी ३७४१ नावाची एक अगदी फिकट बटू दीर्घिका आहे, साधारण एक कोटी प्रकाशवर्षांवर. अयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि इगोर काराचेन्त्सेव यांनी जीएमआरटीने तिच्यातला हायड्रोजन मोजला आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिसणाऱ्या दीर्घिकेच्या त्रिज्येच्या आठपट अंतरापर्यंत वायूची तबकडी पसरलेली निघाली. जिथे एकही तारा दिसत नाही, अशा जागीही वायू फिरत होता, आणि त्याचा वेग बाहेर जाताना कमी होत नव्हता. दिसणारं वस्तुमान आतच संपतं, म्हणून तो कमी व्हायला हवा होता. त्या वेगाने फिरणारा वायू धरून ठेवायला किती वस्तुमान लागेल, हे काढलं तेव्हा एक सूर्य देतो तेवढ्या निळ्या प्रकाशामागे सुमारे १०७ सूर्यांचं वस्तुमान आलं. या दीर्घिकेत ताऱ्यांपेक्षा वायूच जास्त आहे. तोही हिशेबात धरला तरी बहुतांश वस्तुमान बेहिशेबीच राहतं.

मी काढलेला पहिला घूर्णन-आलेख असाच सपाट आला होता. मला वाटलं, माझंच कुठेतरी चुकलं. कॅलिब्रेशन पुन्हा केलं, मोबाइल आणि विमानांच्या संदेशांनी बिघडलेला डेटा आणखी काटेकोरपणे गाळला, दीर्घिकेचा कल पुन्हा मोजला. आलेख तसाच राहिला. नंतर दुसऱ्या दीर्घिकेचाही तसाच आला.

आता थोडा इतिहास, कारण "पदरचं घातलं" हा आरोप तिथूनच सुरू होतो. १९३३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी अरुंधतीकेश तारकासमूहातल्या कोमा दीर्घिकासमूहाचे वेग तपासले. दीर्घिका इतक्या वेगात होत्या की दिसणाऱ्या वस्तुमानाच्या ओढीने त्या एकत्र राहणंच शक्य नव्हतं. तफावत शेकडो पटींची होती. त्यांनी या न दिसणाऱ्या वस्तुमानाला जर्मनमध्ये नाव दिलं, 'दुंकले माटेरी', म्हणजे काळं द्रव्य. मुलांना हेही सांगा की झ्विकींचा आकडा चुकीचा होता. विश्वाच्या प्रसरणाचा दर तेव्हा आजच्या कितीतरी पट जास्त मानला जात होता, त्यामुळे अंतरं आणि पर्यायाने ताऱ्यांचं वस्तुमान फार कमी धरलं गेलं. शिवाय अशा समूहांमध्ये कोट्यवधी अंशांचा तप्त वायू भरलेला असतो आणि त्याचं वजन सगळ्या ताऱ्यांहून कितीतरी जास्त असतं, हे क्ष-किरण दुर्बिणी अवकाशात गेल्यावर कळलं. म्हणजे हरवलेल्या वस्तुमानातलं काही खरोखरच साधं द्रव्य होतं आणि ते सापडलं. या सगळ्या दुरुस्त्या करूनही तफावत मिटली नाही. ती आज साध्या द्रव्याच्या पाच-सहा पटींवर स्थिरावली आहे.

व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेतल्या तेजोमेघांचे वेग प्रसिद्ध केले, पुढच्या दशकात आणखी कितीतरी सर्पिल दीर्घिकांचे. १९७८ मध्ये आल्बर्ट बोस्मा यांनी नेदरलँड्समधल्या वेस्टरबोर्क रेडिओ दुर्बिणीच्या आधारे, तारे संपतात त्याच्या पलीकडे हायड्रोजनचे आलेख काढले. माझ्या मते बोस्मांचं श्रेय लोकांसमोर हवं तेवढं आलं नाही. दृश्य प्रकाशातले आलेख जिथे थांबतात, तिथपर्यंतचं काम ताऱ्यांचं वस्तुमान थोडं ताणून निभावता येतं. त्याच्या पलीकडे ती सोय उरत नाही.

डार्क मॅटरच्या 'कृष्णद्रव्य' या मराठी नावाने मात्र थोडा घोटाळा होतो. काळं म्हटलं की कोळसा डोळ्यांपुढे येतो. कोळसा प्रकाश शोषतो. हे द्रव्य शोषत नाही, परावर्तितही करत नाही, प्रकाश त्यातून सरळ पार जातो. काळं म्हणण्यापेक्षा पारदर्शक म्हणणं जास्त बरोबर. वर्गात मी हाच शब्द वापरते.

आता मूळ प्रश्न, ठिगळाचा. फक्त घूर्णन-आलेख हाताशी असते, तर मी मुलांच्या बाजूने उभी राहिले असते. प्रत्येक दीर्घिकेला तिच्या गरजेपुरतं वस्तुमान बहाल करणं हे ठिगळच. पण विश्वात किती साधं द्रव्य आहे आणि किती अदृश्य, हे दीर्घिकांकडे ढुंकूनही न बघता काढता येतं, आणि तेही वेगवेगळ्या मार्गांनी.

पहिला मार्ग विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांतून जातो. तेव्हा प्रोटॉन आणि न्यूट्रॉन जुळून हलकी अणुकेंद्रं तयार झाली. त्या भट्टीत ड्युटेरियम किती शिल्लक राहील, हे साध्या द्रव्याच्या घनतेवर अवलंबून होतं: द्रव्य दाट असेल तर ड्युटेरियम जळून हेलियम होतं, विरळ असेल तर जास्त उरतं. क्वेसार म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांची प्रखर केंद्रं; त्यांच्या प्रकाशात, वाटेतल्या जुन्या वायूने उमटवलेल्या रेषांवरून ते ड्युटेरियम आजही मोजता येतं. उत्तर येतं ते असं की साधं द्रव्य विश्वाच्या एकूण ऐवजाच्या ५ टक्क्यांच्या आसपास आहे. ग्रह, धूळ, विझलेले तारे, ताऱ्यांपासून झालेली कृष्णविवरं, तुम्ही आणि मी, सगळे त्या ५ टक्क्यांत आले. त्यामुळे "न दिसणारे साधेच दगडधोंडे असतील" हा पर्याय इथेच बाद होतो. तरी १९९० च्या दशकात तोही थेट तपासला गेला. मॅजेलनी मेघ या शेजारच्या लहान दीर्घिकांमधल्या लाखो ताऱ्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून, समोरून एखादा काळा गोळा गेल्यावर तारा क्षणिक उजळतो का, हे पाहिलं. अशा घटना दिसल्या, पण आकाशगंगेचं हरवलेलं वस्तुमान भरून काढण्याइतक्या मुळीच नव्हत्या.

दुसरा मार्ग सूक्ष्मलहरींच्या पार्श्वप्रारणाचा, म्हणजे विश्वाच्या बालपणापासून आकाशभर उरलेल्या प्रकाशाचा, आणि माझ्या दृष्टीने हाच निर्णायक. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं होईपर्यंत प्रकाश आणि साधं द्रव्य एकमेकांत गुंतलेलं होतं. गुरुत्वाकर्षण द्रव्याला आत ओढायचं, प्रकाशाचा दाब बाहेर ढकलायचा, आणि या ओढाताणीत ध्वनिलहरी उठायच्या. प्रकाश मोकळा झाला तेव्हाच्या त्या लहरींचा ठसा आज आकाशभर आहे, तापमानातल्या लाखात एक अशा फरकांच्या रूपात. अदृश्य द्रव्यावर प्रकाशाचा दाब चालत नाही, ते फक्त आत ओढतं. त्यामुळे लहरींच्या वर्णपटातल्या शिखरांच्या उंचीत दोन्ही द्रव्यांची सही वेगवेगळी उमटते: पहिल्या आणि दुसऱ्या शिखराच्या तुलनेतून साधं द्रव्य कळतं, तिसऱ्या शिखरातून अदृश्य. युरोपच्या प्लँक उपग्रहाच्या मोजमापांतून साधं द्रव्य सुमारे ५ टक्के आणि अदृश्य द्रव्य सुमारे २६ ते २७ टक्के आलं. ड्युटेरियमने सांगितलेला ५ चा आकडा इथे पुन्हा आला. एक मोजमाप पहिल्या मिनिटांचं, दुसरं जवळपास चार लाख वर्षांनंतरचं, भौतिकी वेगळी, उपकरणं वेगळी, चुका होण्याच्या जागाही वेगळ्या. दोन अनोळखी माणसांच्या वहीत एकच आकडा निघावा, तसं हे आहे.

याला जोडून एक हिशेब मुलांना फार आवडतो. तेव्हाचे चढउतार लाखात एक. त्यानंतर विश्व सुमारे ११०० पट प्रसरण पावलं, आणि गुरुत्वाकर्षणाने घनतेतले फरक साधारण त्याच पटीत वाढतात. म्हणजे फक्त साधं द्रव्य असतं, तर आज विश्वात जेमतेम एक टक्क्याचे चढउतार असते. दीर्घिका नसत्या, तारे नसते. प्रकाशाशी न गुंतलेलं काहीतरी आधीपासून गोळा होऊ लागलं होतं आणि साधा वायू नंतर त्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या खड्ड्यांत उतरला, तरच आजची रचना वेळेत तयार होते.

बुलेट क्लस्टरबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याची चित्रं सगळीकडे आहेत. दोन दीर्घिकासमूह एकमेकांतून आरपार गेले. त्यांचा तप्त वायू एकमेकांवर आदळून मधे अडकला, दीर्घिका पुढे निघून गेल्या. दिसणाऱ्या द्रव्यात वायूच वजनदार, म्हणजे ओढ मधे असायला हवी. २००६ मध्ये गुरुत्वीय भिंगाने, मागच्या दीर्घिकांच्या वाकलेल्या प्रतिमांवरून, ओढीचा नकाशा काढला तेव्हा ती वायूपाशी नव्हती, पुढे गेलेल्या दीर्घिकांपाशी होती.

तरीही सूत्र चुकलं असण्याची शक्यता लोकांनी तपासलीच नाही, असं मुळीच नाही. १९८३ मध्ये मोर्देहाय मिलग्रोम यांनी सुचवलं की त्वरण सेकंदवर्गाला १.२ × १०⁻¹⁰ मीटरच्या खाली गेलं की न्यूटनचा नियम बदलतो. ही किती छोटी ओढ आहे? पृथ्वीवरच्या गुरुत्वाकर्षणापेक्षा ८ हजार कोटी पटींनी कमी. एवढ्या एका आकड्यावर असंख्य दीर्घिकांचे घूर्णन-आलेख चांगले जुळतात. याकडे तुच्छतेने पाहणारे सहकारी मला पटत नाहीत. दीर्घिकेतलं साधं द्रव्य आणि तिचा वेग यांच्यात इतकं घट्ट नातं का आहे, हे कृष्णद्रव्याच्या बाजूने अजून पूर्ण समाधानकारकपणे सांगता आलेलं नाही, असं मी म्हणेन. पण दीर्घिकासमूहांत हा नियम लावूनही दिसतं त्याच्या जवळपास दुप्पट वस्तुमान लागतंच, आणि पार्श्वप्रारणाचं तिसरं शिखर केवळ साध्या द्रव्यावर उभं राहत नाही. नियम बदलूनही अदृश्य द्रव्य लागणारच असेल, तर बदलाने काय साधलं?

मग ते आहे काय? इथे मात्र खरंच कुणालाच ठाऊक नाही.

न्यूट्रिनो, म्हणजे जवळपास कशाशीच न टकरावणारा अतिहलका मूलकण, हा एके काळी मोठा आशेचा उमेदवार होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या रामनाथ कौशिक यांनी मॅक्लेलंड यांच्याबरोबर १९७२-७३ मध्येच दाखवलं होतं की न्यूट्रिनोंना थोडंसं वस्तुमान असेल, तर विश्वातल्या त्यांच्या प्रचंड संख्येमुळे त्यांची ओढ दीर्घिकासमूहांना बांधून ठेवू शकेल. ज्ञात मूलकणांपैकी एखादा कण हे काम करत असेल, हा विचार मांडणाऱ्या अगदी सुरुवातीच्या शोधनिबंधांत त्यांची गणना होते. न्यूट्रिनोंना वस्तुमान आहे हे पुढे सिद्ध झालं, पण ते फार कमी निघालं. शिवाय ते सुरुवातीला इतके वेगात असतात की लहान दीर्घिका जिथे जमायच्या ते खड्डेच पुसून टाकतात. १९८० च्या दशकात संगणकावर असं विश्व घडवून पाहिलं तेव्हा ते आपल्या विश्वासारखं दिसेना. आपल्याला थंड, म्हणजे संथ कण हवेत.

त्यातले जड, क्वचितच टक्कर देणारे 'विम्प' कण शोधायला खोल खाणींत द्रव झेनॉनच्या टाक्या बसवल्या आहेत. अमेरिकेत साउथ डकोटामधल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खाली, लक्स-झेपलिन प्रयोगात ७ टन झेनॉन टकरीची वाट पाहतं. २०२४ मध्ये २८० दिवसांच्या नोंदी जाहीर झाल्या: काही नाही. आपल्याकडे झारखंडमधल्या जादुगुडा इथल्या युरेनियमच्या खाणीत साधारण ५५० मीटर खोलीवर प्रयोगशाळा आहे, तिथे हलक्या कणांचा शोध चालतो. दुसरा उमेदवार अॅक्सिऑन नावाचा, अजून कल्पनेतलाच कण. तो विम्पच्या तुलनेत कल्पनातीत हलका, आणि तीव्र चुंबकीय क्षेत्रात त्याचं सूक्ष्मलहरीत रूपांतर व्हावं अशी अपेक्षा. वॉशिंग्टन विद्यापीठातला एडीएमएक्स प्रयोग रेडिओचं स्टेशन लावावं तसा एकेक वारंवारता तपासत पुढे सरकतो आहे. रेडिओवर आयुष्य गेलेल्या मला हा प्रयोग मनापासून आवडतो. स्वभावाने म्हणा किंवा पक्षपाताने, माझं मन विम्पपेक्षा अॅक्सिऑनकडे झुकतं.

"पाचपट आहे म्हणता, मग आपल्या खोलीत का जाणवत नाही?" हा मुलांचा पुढचा प्रश्न असतो. कारण ते अतिशय विरळ पसरलेलं आहे. सूर्याच्या परिसरात पृथ्वीच्या आकाराएवढ्या जागेत सगळं मिळून अर्धा-पाऊण किलो. सूर्यापासून नेपच्यूनच्या कक्षेपर्यंतच्या अख्ख्या गोलातलं गोळा केलं, तरी सेरेस या बटुग्रहाच्या वस्तुमानाचा हजारावा हिस्सा भरत नाही. ग्रहांच्या गतीत त्यामुळे काही फरक दिसत नाही. तारे आणि ग्रह मूठभर जागेत एकवटतात, आणि हे मात्र दीर्घिकेच्या चहूबाजूंच्या अफाट पोकळीत सगळीकडे आहे, म्हणून एकूण बेरजेत ते जिंकतं.

माझ्या स्वतःच्या कामात एक गाठ अजून सुटलेली नाही, तीही सांगते. संगणकी गणितं म्हणतात की थंड कृष्णद्रव्याची घनता दीर्घिकेच्या केंद्राकडे वेगाने, सुळक्यासारखी वाढत जावी. आम्ही मोजलेल्या कितीतरी बटू दीर्घिकांत मध्यभागी सुळका नसून पठार दिसतं. एक खुलासा असा की ताऱ्यांच्या स्फोटांनी वायू पुन्हा पुन्हा बाहेर फेकला जातो, ओढ हेलकावते आणि सुळका सपाट होतो. पण ज्या दीर्घिकांत तारेच मोजके, तिथे एवढी ऊर्जा कुठून आणायची? दुसरा खुलासा, कृष्णद्रव्याचे कण एकमेकांवर थोडेफार आदळत असतील. तिसरा, आमच्याच मोजमापातली त्रुटी: दुर्बिणीची नजर पुरेशी बारीक नसली की केंद्राजवळचे वेग एकमेकांत मिसळून कमी भासतात, आणि वायू नेमका वर्तुळात फिरत नसला तर आणखी चूक. काही दीर्घिकांत हा तिसरा खुलासा लागू पडतो, सगळ्यांत नाही, असं माझं मत. म्हणून मी अजूनही खोडदची निरीक्षणं मागते.

आता तुमच्या वर्गासाठी. मुलांना आलेखाचा कागद द्या. बुध सूर्यापासून ०.३९ खगोलीय एककांवर आहे, वेग सेकंदाला ४७.४ किलोमीटर. पृथ्वी १ एककावर, २९.८. गुरू ५.२ वर, १३.१. नेपच्यून ३० वर, ५.४. प्रत्येकासाठी वेगाचा वर्ग गुणिले अंतर काढायला सांगा. चारही वेळा ८७० ते ८९० च्या आसपास उत्तर येईल, कारण ओढणारं वस्तुमान एकच, सूर्य. मग सप्तर्षीतल्याच एनजीसी ३१९८ या सर्पिल दीर्घिकेचे आकडे द्या: केंद्रापासून सुमारे ३३ हजार प्रकाशवर्षांवर वेग साधारण १५०, दुप्पट अंतरावर १५०, तिप्पट अंतरावरही १५०. वस्तुमान आतच संपलं असतं, तर शेवटच्या ठिकाणी ८७ यायला हवे होते. गुणाकार इथे स्थिर राहत नाही, अंतराबरोबर दुप्पट-तिप्पट होत जातो. शेवटच्या ठिकाणचा गुणाकार गुरुत्वस्थिरांकाने भागला की आतल्या वस्तुमानाचं उत्तर सुमारे १५ हजार कोटी सूर्य येतं. १९८५ मध्ये हे मोजणाऱ्यांनी तारे आणि वायू शक्य तितके जड धरून पाहिले, तरी ते या वस्तुमानाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर गेले नाहीत. उरलेले चार हिस्से कुठे ठेवले तर वेग सगळीकडे १५० राहील, हे मुलांनाच कागदावर शोधू द्या.